नको

सभा अकराची. पावणेअकरापासून मी
दुसरीतल्या मुलांच्या मापाच्या निळ्या बाकावर
गुडघे वर काढून बसलेली.
मांडीवर फाईल, चौथी.
आधीच्या तिन्हींचे पुठ्ठे भोपाळच्या फेऱ्यांत गेले.

आत चौघं होती आणि एक पंखा.
खंडेलवाल सर म्हणाले, बैठिए,
आम्हांला फक्त दहा मिनिटं द्या.
म्हणजे मला दहा मिनिटं मिळाली होती.

समुपदेशक मॅडमनी हळू आवाजात विचारलं,
घरी मराठीच बोलता का?
बच्ची कन्फ्यूज होती है. एकच भाषा ठेवा. हिंदी ठेवा.
मी म्हणाले, ठेवते की,
पण तिच्याकडे शब्दच एक आहे,
तो कुठल्या दुकानात बदलून मिळेल?
कुणी हसलं नाही. बरं झालं.

मग भदौरिया मिसनी रिपोर्ट वाचला.
नव्या आहेत, भिंडच्या, मन लावून काम करतात,
समाससुद्धा लाल पेनाने आखलेला.

ऋजुता मुळ्ये, वय नऊ. मंगळवारी दिवसभरात
सतरा वेळा निरर्थक आवाज.
नऊ दहा, प्रार्थनेचा माईक सुरू होताच.
नऊ चाळीस, हात धरून क गिरवताना.
दहा वीस, घंटा.
दहा बावीस, पुन्हा, कान झाकून.
अकरा पाच, शेजारच्या मुलीने तिला
आपल्या डब्यातली भेंडी भरवू पाहिली तेव्हा.
आवाज: नक्को, नक्को.

मी म्हणाले, परत वाचा.
त्यांनी वाचलं.
मी म्हणाले, मिस, हा शब्द आहे.
आमच्यात नाही म्हणायचं असलं की असं म्हणतात.
दोन वर्षं लागली ह्याला.
लोकमान्य नगरच्या स्वयंपाकघरात दुधाच्या पेल्यासमोर
मी तोंड मिटून वाट बघत बसायची,
साय धरेपर्यंत, धरलेली साय सुरकुतेपर्यंत.
एका शुक्रवारी तिने पेला सरकवला
आणि म्हणाली.
तो पेला मी रात्रीपर्यंत घासला नाही.

सतरा वेळा ती तुमच्याशी बोलली, सर.
आणि मिसनी ते वेळेसकट टिपून ठेवलं,
एवढं कुठल्या डॉक्टरने केलेलं नाही.

मिस कागदाकडे बघत राहिल्या,
अक्षर आपलंच आहे ना, ते तपासत असल्यासारख्या.

तेवढ्यात चहा आला. गेंदाबाई, बुऱ्हाणपूरकडची,
वीस वर्षं ह्या शाळेची घंटा तिच्या हातात.
कप ठेवता ठेवता म्हणाली,
नकोच तर म्हणते पोरगी.
मी टोल द्यायच्या आधी तिला नळाकडे नेऊन ठेवते.
मंगळवारी रजेवर होते.
सर म्हणाले, कब से?
जून से.
बताया क्यों नहीं?
पूछा किसने, साब.

इतिवृत्तात गेलं ते असं:
दाराजवळची खुर्ची, मान्य.
घंटेआधी बाहेर, मान्य, तूर्तास.
हात धरून गिरवणं बंद करणे, विचाराधीन.
वेगळी शिक्षिका, पुढच्या बैठकीत,
आणि पुढची बैठक दिवाळीनंतर.
भाषेबद्दल कुणी काही लिहिलं नाही.
गेंदाबाईचं नावही नाही. ते मीच
सहीच्या खाली, उरलेल्या जागेत घातलं.

एक गोष्ट मी आत बोलले नाही.
आज सकाळी वेणी घालताना
गाठीत कंगवा अडकला आणि ती म्हणाली,
मान वळवून परत म्हणाली,
आणि मी, अकराची सभा, सिटी बस, फाईल,
थांब गं, झालंच, म्हणत
ओढत राहिले.
अठरा.
एकोणीस.
तिसऱ्यांदा तिने नुसतंच
माझं मनगट धरलं.